'एस्टोनिया' का बुडाली? तीस वर्षांच्या संशयाची पार्श्वभूमी

२८ सप्टेंबर १९९४. रात्री एकच्या सुमारास 'एस्टोनिया' या फेरीबोटीच्या पुढच्या भागातून लोखंडावर लोखंड आदळल्यासारखे दणके येऊ लागले. १ वाजून २२ मिनिटांनी तिने मदतीची हाक दिली आणि १ वाजून ५० मिनिटांच्या आसपास ती रडारवरून नाहीशी झाली. एस्टोनियाची राजधानी टॅलिनहून स्वीडनमधल्या स्टॉकहोमला निघालेल्या या बोटीवर ९८९ माणसे होती. त्यातली ८५२ गेली, १३७ वाचली. मृतांत ५०१ जण स्वीडनचे होते.

अधिकृत कारण समजायला बोटीची रचना डोळ्यांसमोर हवी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत गाड्या थेट पोटात चढवतात, तशीच ही बोट, फक्त खूप मोठी. तिच्या पुढच्या टोकावर सुमारे ५५ टनांचे लोखंडी झाकण होते. त्याला व्हायझर म्हणतात. धक्क्याला लागल्यावर व्हायझर वर उचलायचा आणि त्याच्या आतला रॅम्प खाली सोडायचा. एस्टोनिया, फिनलंड आणि स्वीडनच्या संयुक्त आयोगाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले की, वादळी लाटांच्या माऱ्याने व्हायझरची कुलुपे तुटली आणि तो गळून पडताना त्याच्या ओढीने रॅम्पही उघडला. गाड्यांचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो. आत शिरलेले पाणी एका बाजूला धावते, बोट कलते, आणि कलली की आणखी पाणी घेते. जिथून बोट चालवतात त्या ब्रिजवर उभ्या असलेल्यांना तिथून व्हायझर दिसतच नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये 'डायना २' या त्याच धाटणीच्या बोटीच्या व्हायझरची कुलुपे अशीच निकामी झाली होती. तो इशारा कोणी वेळीच मनावर घेतला नाही, याची चुटपूट आजही लागते.

मग बोट स्फोटाने किंवा पाणबुडीच्या धडकेने बुडाली, हा संशय आला कुठून? माझ्या मते तो बोटीपेक्षा नंतरच्या सरकारी वागण्यातून जास्त आला. जेमतेम ८० मीटर खोलीवर पडलेली बोट वर काढायची नाही, मृतदेहही काढायचे नाहीत, असे डिसेंबर १९९४ मध्येच स्वीडनने ठरवले. १९९५ च्या करारानुसार ती जागा समाधिस्थळ ठरली आणि तिथे बुडी मारणे गुन्हा झाला. त्यानंतर अवशेष काँक्रीटने झाकायची तयारी सुरू झाली. नातेवाइकांनी आकांत केला तेव्हा ते काम १९९६ मध्ये थांबले. सगळ्यात खटकते ती बोल्टची गोष्ट. व्हायझरच्या खालच्या कुलुपाचा बोल्ट डायव्हरांनी वर आणला, तपासणाऱ्यांनी तो पाहिला आणि हेलिकॉप्टरने न्यायला जड म्हणून पुन्हा समुद्रात टाकला. ज्याचे माणूस त्या पाण्यात गेले आहे, त्याला इथे कुठेतरी पाणी मुरतेय असे वाटले, तर त्याला दोष कसा देणार?

२००० मध्ये जर्मन पत्रकार युटा राबे आणि अमेरिकी उद्योजक ग्रेग बेमिस यांनी बंदी झुगारून बुड्या मारल्या, पत्र्याचे तुकडे आणले आणि स्फोटाचा दावा केला. पुढे जर्मनीच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या खुणा जहाजबांधणीच्या वेळी पत्रा साफ करण्याच्या प्रक्रियेतून आल्याचे म्हटले. २००४ च्या अखेरीस निवृत्त स्वीडिश कस्टम्स अधिकाऱ्याने सांगितले की, बुडण्याआधीच्या पंधरवड्यात याच बोटीतून सोव्हिएत लष्करी सामग्री आणली गेली होती. रशियन फौजा एस्टोनियातून जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. चौकशीत १४ आणि २० सप्टेंबरच्या दोन खेपा खऱ्या निघाल्या. शेवटच्या फेरीत असा माल असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण दहा वर्षे दडवलेली एक गोष्ट खरी निघाली, की न दडवलेलीही दडवल्यासारखी वाटू लागते.

सप्टेंबर २०१९ मध्ये एका माहितीपटाच्या चमूने करारात नसलेल्या जर्मनीचा झेंडा लावलेल्या जहाजावरून रोबो सोडला. उजव्या बाजूला सुमारे चार मीटर उंचीचे भगदाड दिसले. सप्टेंबर २०२० मध्ये माहितीपट आला आणि पाणबुडीची धडक बसली, हा तर्क त्यावरून जोरात उठला. एस्टोनियाचे माजी सरकारी वकील मार्गुस कुर्म यांनीही तो उघडपणे मांडला. चमूतल्या दोघांवर समाधिस्थळाची शांतता भंग केल्याचा खटला चालला आणि अखेर त्यांना दंड झाला. पण त्यांच्यामुळेच कायदा बदलला आणि २०२१ च्या जुलैमध्ये सरकारी पाहणी पुन्हा सुरू झाली.

तिन्ही देशांच्या तपास संस्थांचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला. स्फोटाच्या किंवा दुसऱ्या जहाजाच्या धडकेच्या खुणा नाहीत, बोट जिथे टेकली तिथे तळाशी कठीण खडक वर आलेला आहे आणि भगदाड त्यानेच पडले, असे त्यात म्हटले होते. शिवाय व्हायझरची तपासणी नियमाप्रमाणे झालीच नव्हती, त्यामुळे बोट समुद्रात नेण्याच्या लायकीची नव्हती, असेही तो अहवाल सांगतो. बॉम्ब आणि पाणबुडीच्या गदारोळात हे वाक्य दबून गेले. खरे तर सगळ्यात आधी तेच वाचायला हवे होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये रॅम्प समुद्रातून वर काढून एस्टोनियातल्या पाल्दिस्कीला नेला. तोपर्यंत एकोणतीस वर्षे होत आली होती.