गणिताची अक्षरे, नावांची नक्षी

समाजमाध्यमांवर अनेकांची रोमन लिपीतली नावे ठळक, तिरकी, वळणदार किंवा वर्तुळांत बसवलेली दिसतात. नाव लिहिण्याच्या चौकटीत फॉन्ट बदलण्याची सोय नसतानाही ही नक्षी उमटते, कारण तेथे फॉन्टला कोणी हात लावलेला नसतो. मूळ अक्षरे काढून त्यांच्या जागी त्यांच्यासारखी दिसणारी दुसरीच चिन्हे ठेवलेली असतात.

संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाच्या रूपात साठवतो आणि जगभरच्या लिप्यांना हे क्रमांक युनिकोड या मानकाने दिलेले आहेत. साध्या मोठ्या ‘एम’चा क्रमांक ७७, तर ठळक गणिती ‘एम’चा १,१९,८२०. साधे मोठे अक्षर आणि त्याचे ठळक गणिती रूप यांत नेहमी १,१९,७४३ चे अंतर असते, त्यामुळे नक्षी करून देणाऱ्या संकेतस्थळाला एका बेरजेपलीकडे फारसे काही करावे लागत नाही. युटीएफ-८ पद्धतीने साठवताना रोमन लिपीतले ‘मुंबई’ हे सहा अक्षरांचे नाव सहा बाइट घेते. तेच ठळक गणिती चिन्हांत लिहिले की चोवीस. डोळ्यांना दोन्ही सारखीच वाचता येतात, संगणकाच्या लेखी मात्र त्या दोहोंत एकही चिन्ह सामाईक नसते.

ही चिन्हे सजावटीसाठी घडवलेली नाहीत. गणितात आणि भौतिकशास्त्रात अक्षराच्या वळणालाच अर्थ असतो: एकाच सूत्रात साधा ‘एच’ एक राशी दाखवतो, तर वळणदार ‘एच’ हॅमिल्टोनियन नावाची वेगळीच राशी. फॉन्टची माहिती गळून गेली तरी हा भेद टिकावा, म्हणून २००१ साली युनिकोडच्या ३.१ या आवृत्तीत गणिती अक्षरचिन्हांचा स्वतंत्र विभाग आला. त्याच्या रचनेत एक सुंदर फट आहे. तिरका लहान ‘एच’ म्हणजे भौतिकशास्त्रातला प्लांकचा स्थिरांक. तो ८४६२ या क्रमांकावर आधीच नोंदलेला असल्याने नव्या विभागातली त्याची १,१९,८९३ ही जागा रिकामी ठेवली गेली. केवळ बेरीज करणाऱ्या साधनाला हे ठाऊक नसेल, तर रोमन लिपीतले ‘महेश’ तिरके करताना त्यातल्या दोन्ही ‘एच’च्या जागी रिकामे चौकोन येतात.

इतर नक्षींची कुळे वेगळी आहेत. ऐसपैस पसरलेली अक्षरे चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालींतून आली, तर उलट्या लिखाणातली बरीच अक्षरे उच्चारशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतून उचललेली असतात.

देवनागरीसाठी अशी ठळक किंवा वळणदार चिन्हे युनिकोडमध्ये नाहीत. प्रचलित गणिती लेखनात राशींसाठी मुख्यतः रोमन व ग्रीक अक्षरे वापरली जातात, हे त्याचे कारण. २०१२ मध्ये अरबी गणिती अक्षरांनाही स्वतंत्र विभाग मिळाला, तो अरबीत तशी परंपरा असल्यामुळेच. शिवाय ‘क्ष’सारखे जोडाक्षर क, हलन्त आणि ष या तीन क्रमांकांतून फॉन्ट घडवतो, त्यामुळे अक्षरागणिक बेरीज करून ते नटवता येणार नाही. आपल्याकडच्या जुन्या टंकलेखनाने मात्र याच्या नेमकी उलट अवस्था अनुभवली आहे. कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसे, पण साठवलेला असे रोमन लहान ‘डी’. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन जाई. तेव्हा क्रमांक साधा आणि रूप परके होते, आता रूप ओळखीचे आणि क्रमांक परका आहे. मजकूर टिकायचा असेल तर क्रमांक खरा असला पाहिजे, ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी सारखीच महत्त्वाची वाटते.

या नक्षीची सर्वांत मोठी झळ दृष्टिहीन वाचकांना बसते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी काही साधने अशा नावातले प्रत्येक चिन्ह ‘मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल एम’ अशा लांबलचक नावाने वाचतात, तर काही ते सरळ गाळतात. ज्याला ऐकूनच वाचायचे आहे त्याच्यापर्यंत त्या व्यक्तीचे नाव पोहोचतच नाही. एनव्हीडीए या विनामूल्य साधनात २०२४ साली अशी चिन्हे मूळ अक्षरांत बदलून वाचण्याची सोय आली, पण सुरुवातीला ती वापरकर्त्याने सुरू करावी लागे; नंतरच्या आवृत्तीपासून बोलून दाखवताना ती आपोआप सुरू असते. हे रूपांतर युनिकोडने ठरवून दिलेल्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी होते. शोधयंत्रणांनी तेच नियम लावले तर नक्षीदार ‘मुंबई’ साध्या ‘मुंबई’च्या शोधात सापडते, न लावल्यास हरवते.

हे प्रमाणीकरण सगळीकडे पुरत नाही. रशियन लिपीतला ‘अ’ (क्रमांक १०७२) रोमन लहान ‘ए’सारखाच (क्रमांक ९७) दिसतो, पण ते त्याचे नटवे रूप नसून दुसऱ्या लिपीतले अस्सल अक्षर आहे, म्हणून नियम त्याला हात लावत नाहीत. २०१७ साली शुडोंग झेंग या संशोधकाने पूर्णपणे रशियन लिपीकुळातल्या अक्षरांचे, पण दिसायला थेट ‘ॲपल’ वाटणारे संकेतस्थळाचे नाव नोंदवून हा धोका दाखवून दिला आणि त्यानंतर क्रोम या ब्राउझरने आपली तपासणी कडक केली. अशा फसव्या जोड्यांची यादी युनिकोडने वेगळी ठेवली आहे. देवनागरी शून्य आणि रोमन लहान ‘ओ’ ही जोडीही तीत आहे.