शासकीय पर्यावरण वकिलाचे दैनंदिन काम

पर्यावरणविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीत शासनाला सल्ला देणे आणि खटल्यांत शासनाची किंवा एखाद्या नियामक मंडळाची बाजू मांडणे, हे या वकिलाचे काम. तो कुठे न्याय खात्याचा पगारी अधिकारी असतो, कुठे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विधी अधिकारी, तर कुठे मानधनावर नेमलेला पॅनेलवरचा वकील. अमेरिकेच्या न्याय खात्यात १९०९ मध्ये सार्वजनिक जमिनींच्या दाव्यांसाठी निघालेला विभागच पुढे पर्यावरण व नैसर्गिक संसाधन विभाग झाला. भारतात २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणविषयक दाव्यांसाठीचे खास न्यायपीठ, आले.

युक्तिवाद हा या दिवसाचा अगदी लहान भाग असतो. बऱ्याच सुनावण्या पुढची तारीख घेऊन संपतात. उरलेला वेळ फाइल वाचण्यात, याचिकेला परिच्छेदवार उत्तर तयार करण्यात आणि खात्यांकडून माहिती मागवण्यात जातो. शपथपत्रावर सही अधिकाऱ्याची असली तरी मसुदा वकिलाचा असतो, आणि त्यातल्या प्रत्येक विधानामागे फाइलमध्ये कागद सापडावा लागतो. एकाच खाणीचे क्षेत्र वन खाते एक सांगते, महसूल खाते दुसरे आणि खनिकर्म खाते तिसरे. ही तफावत दाखल करण्याआधी मिटली नाही, तर समोरचा वकील ती न्यायाधीशांपुढे वाचून दाखवतो. मुदती सांभाळणे हे त्याहून नीरस, पण चुकल्यास महागात पडणारे काम. हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास ३० दिवस मिळतात. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही.

प्रदूषणाचा खटला बहुधा नाल्याच्या काठीच जिंकला किंवा हरला जातो. भारताच्या १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना घेताना कारखान्याच्या ताबेदाराला तशी नोटीस द्यावी लागते; तो मागेल तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्या लागतात. ही पद्धत पाळली नसेल, तर पृथक्करणाचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. मग पाणी कितीही काळे असो. म्हणून अनुभवी वकील क्षेत्रीय अधिकाऱ्यांना बाटलीवरची चिठ्ठी कशी भरायची, बाटली कोणी कोणाच्या हाती किती वाजता दिली याची नोंद कशी ठेवायची, हे आधीच शिकवून ठेवतो. थोडे रसायनशास्त्र त्यालाही यावे लागते. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाताना जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस, तर अनेक देशांत २० अंशांना पाच दिवस चालते. नमुना थंड न ठेवता उशिरा तपासला, हा बचाव पक्षाचा आवडता आक्षेप. गंमत अशी, की बाटलीतले जीवाणू तोवर सेंद्रिय पदार्थ खात राहतात, त्यामुळे अशा उशिराने आकडा सहसा खालीच येतो. हे तज्ज्ञ साक्षीदाराकडून साध्या भाषेत वदवून घेणे वकिलाच्या हाती असते.

आकड्यांवर किती अडून असते याचे ठळक उदाहरण म्हणजे मेक्सिकोच्या आखातातील २०१० ची डीपवॉटर होरायझन तेलगळती. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याखालील दंड प्रतिबॅरल मोजायचा होता, म्हणून समुद्रात नेमके किती तेल गेले यावर स्वतंत्र सुनावणी झाली. सरकारच्या वकिलांनी ४१.९ लाख बॅरल सांगितले, विहिरीची मालक असलेल्या बीपी कंपनीने २४.५ लाख, न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये ३१.९ लाख धरले. त्याआधी घोर निष्काळजीपणाचा निष्कर्ष मिळवल्यामुळे दंडाचा कमाल दर बॅरलमागे ११०० वरून ४३०० डॉलरपर्यंत गेला होता. शेवटी तडजोड झाली आणि या एका कायद्याखालील दंड ५.५ अब्ज डॉलर ठरला.

या पदातली खरी अडचण अशी, की शासन नेहमीच प्रदूषकाच्या विरोधात उभे नसते. सकाळी कारखाना बंद करण्याच्या आदेशाचे समर्थन करणारा वकील दुपारी धरणाला किंवा महामार्गाला दिलेल्या मंजुरीचा बचाव करतो, आणि नदीत मैला सोडणारी नगरपालिकाही शासनाचाच भाग असते. नेदरलँड्समध्ये उर्गेंडा या पर्यावरणवादी संस्थेने हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवावे म्हणून सरकारवरच दावा लावला, त्यात सरकारी वकिलांनी न्यायालयांच्या तिन्ही पातळ्यांवर लढत दिली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या तुलनेत २०२० अखेर उत्सर्जन किमान २५ टक्के घटवण्याचा आदेश कायम केला. अशा वेळी वकिलाचे सर्वांत उपयोगी काम न्यायालयाबाहेरचे असते: मंजुरीवर सही होण्याआधी जनसुनावणीतील आक्षेपांना उत्तर दिले आहे का, कारणे नोंदवली आहेत का, हे पाहणे आणि नसतील तर तसा लेखी अभिप्राय देणे. तो डावलला गेला, तर त्याच निर्णयाची बाजू पुढे त्यालाच मांडावी लागते.

निकालानंतरही फाइल बंद होत नाही. दंडाची वसुली, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची मुदत, दर तिमाहीचे अनुपालन अहवाल यांवर लक्ष ठेवावे लागते. दरम्यान नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते, किंवा तो निवृत्त झालेला असतो. अपिलात प्रकरण फेरसुनावणीला आलेच, तर त्याला शोधून जुन्या नोंदींसह पुन्हा साक्षीला बोलवावे लागते.