डी अँड डी मधला खजिना : शोधणं, वाहणं आणि वाटणी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गेम, यात प्रत्येक जण एक कॅरेक्टर वठवतो) आणि त्याच्या वळणावर गेलेल्या टेबलटॉप गेम्समध्ये खजिना सापडल्यावर पार्टी, म्हणजे या कॅरेक्टरांची टोळी, जे काही करते, म्हणजे मोजणं, ओळखणं, उचलून बाहेर आणणं, वाटून घेणं, ते सगळं या नोंदीत येतं. खरा गेम बऱ्याचदा पेटी उघडल्यानंतरच सुरू होतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा हा गेम १९७४ साली आला तेव्हापासूनच खजिन्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की कॅरेक्टरची लेव्हल वाढते) मिळायचे, साधारण १ सोन्याचं नाणं म्हणजे १ एक्सपी. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये बघा, फायटरला (लढवय्या कॅरेक्टरला) दुसऱ्या लेव्हलला जायला २००० एक्सपी लागतात आणि अख्खा एक गॉब्लिन (छोटा राक्षस) मारून मिळतात फक्त ५, ते पण पार्टीत वाटून. मग कशाला कोण जीव धोक्यात घालून मारामारी करेल? त्यापेक्षा गॉब्लिनांना चुकवा, फितवा, खोटं बोला, मागच्या दाराने घुसा आणि सोनं घेऊन पळा. माझ्या मते या गेमचा हा सगळ्यात हुशार नियम, कारण तो खेळणाऱ्याला डोकं चालवायला लावतो.

पण सोनं सुरक्षित जागी पोचलं तरच एक्सपी, आणि इथेच वजन आडवं येतं. त्या सेटमध्ये वजन नाण्यांतच मोजतात, १० नाणी म्हणजे १ पौंड, आणि एक माणूस जास्तीत जास्त १६०० नाण्यांचं ओझं उचलतो. म्हणजे २००० एक्सपींची ती २००० सोन्याची नाणी एकट्याला झेपतच नाहीत! शिवाय ८०० च्या वर ओझं गेलं की १० मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० ऐवजी ३० फूटच चालता येतं, डीएम (गेम चालवणारा) दर दोन टर्नला फासा टाकतो, १ पडला की भटका राक्षस हजर, त्यामुळे जितकं हळू चालाल तितके फासे जास्त. तेवढ्याच किमतीचं तांबं घ्यायचं म्हटलं तर २ लाख नाणी, ९ टन! म्हणून अनुभवी पार्टी तांबं तिथेच सोडते, आधी रत्नं उचलते (एक रत्न एका नाण्याच्या वजनाचं) आणि बाहेर खेचर, हमाल तयार ठेवते. हा हिशेब कंटाळवाणा म्हणून बरेच डीएम सोडून देतात, पण तो सोडला की 'काय ठेवायचं, काय टाकायचं' ही सगळी मजाच जाते.

वजनावर जादूचा उपाय म्हणजे बॅग ऑफ होल्डिंग ही जादूची पिशवी. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये (नियमांच्या पाचव्या आवृत्तीत) तिच्यात ५०० पौंड मावायचे आणि पिशवीचं वजन मात्र १५ पौंडच राहायचं. ती फाटली तर आतलं सगळं अॅस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात विखुरतं, आणि तिच्यात पोर्टेबल होल (घडी घालून नेता येणारा जादूचा खड्डा) ठेवलं तर दोन्ही नष्ट होऊन जवळपासचे सगळे तिकडे ओढले जातात.

पेटीला हात लावायच्या आधी १० फुटी काठीने टोचून बघायची सवय बरी, पेटीच्या रूपात मिमिक नावाचा राक्षस बसलेला असू शकतो. जादूची वस्तू ओळखायला आयडेंटिफाय मंत्र असतो, आणि पाचव्या एडिशनमध्ये तासभर वस्तू हातात घेऊन बसलं तरी गुण कळतात, पण शाप बहुतेक वेळा तरीही लपूनच राहतो.

वाटणीचं मात्र आधीच ठरवावं. नाणी सारखी वाटतात, जादूची वस्तू जिला उपयोगी त्या कॅरेक्टरला, दोघांना हवी असेल तर फासा, आणि थोडा पार्टी फंड बाजूला. मेलेल्या कॅरेक्टरचा वाटा कोणाला हा प्रश्न कोणी मेल्यावर काढला तर टेबलावर भांडणं होतात, पहिल्याच सेशनला बोलून टाका.

१९८९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये सोन्याचे एक्सपी ऐच्छिक झाले. २००० च्या तिसऱ्या एडिशनने कुठल्या लेव्हलला किती संपत्ती असावी याचा तक्ताच दिला, जादूच्या वस्तू निम्म्या किमतीला विकता येऊ लागल्या, म्हणजे खजिना शॉपिंगसाठी. पाचव्यात एका वेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट (काही जादूच्या वस्तू चालायला त्यांच्याशी जोडावं लागणारं नातं) करता येते, ते चांगलं, पण सोनं साठतं आणि खर्चाला जागा कमी अशी तक्रार सारखी ऐकू येते. जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या ओएसआरवाल्यांनी यावर कॅरूजिंग आणलं, गावात येऊन सोनं दारूत, जुगारात, मेजवान्यांत उधळायचं आणि जितकं उधळाल तितके एक्सपी, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या लफड्यात जाग येते ते फासा सांगतो. आर्नेसनच्या स्वतःच्या ब्लॅकमूर या गेममध्येही खर्च केलेल्या सोन्यावरच एक्सपी मिळायचे.