‘विंटर इन अमेरिका’: छोट्या कंपनीची निवड आणि नंतरची पन्नास वर्षं

अमेरिकी कवी-गायक गिल स्कॉट-हेरॉन आणि पियानोवादक ब्रायन जॅक्सन यांचा ‘विंटर इन अमेरिका’ हा गाण्यांचा अल्बम मे १९७४ मध्ये बाजारात आला. तोवर दोघांची सोबत चांगली मुरली होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात ओळख झाली तेव्हा स्कॉट-हेरॉन कविता आणि कादंबरी लिहीत होता, जॅक्सन पियानोवर बसलेला असे. १९७१ आणि १९७२ च्या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत जॅक्सनची भागीदारी होती. पण करार एकट्या स्कॉट-हेरॉनशी झालेला, म्हणून आवरणावर नावही त्याचंच. ‘विंटर इन अमेरिका’वर पहिल्यांदा दोघांची नावं बरोबरीने छापली गेली.

त्यासाठी त्यांनी तबकड्या काढणारी कंपनी बदलली, आणि या निर्णयावर अजूनही मतभेद आहेत. आधीच्या कंपनीचा मालक जॅझमधला वजनदार निर्माता होता. नवखा कवी असताना स्कॉट-हेरॉनला पहिली संधी त्यानेच दिली होती. असं घर सोडून हे दोघे गेले कुठे, तर दोन जॅझ वादकांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेल्या छोट्या कंपनीकडे. तिथे ध्वनिमुद्रणाची मालकी कलाकाराकडेच राही आणि विक्रीतला मोठा वाटाही त्यालाच मिळे. काय वाजवायचं, किती लांब वाजवायचं, यात कुणी लुडबुड करत नसे. मात्र मोठ्या कंपन्यांसारखी वितरणाची साखळी नव्हती आणि जाहिरातीला पैसा नव्हता. गाणं रेडिओवर गाजलं तरी तबकडी दुकानात पोचेल याची खात्री नाही. याच अल्बममधल्या ‘द बॉटल’ या गाण्याचं तसंच झालं, त्यामुळे हा निर्णय म्हणजे हातची संधी घालवणं होतं, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. कृष्णवर्णीयांच्या श्रमाचं मोल कोण खातं, हे गाण्यातून विचारायचं आणि स्वतःच्या गाण्यांची मालकी दुसऱ्याला लिहून द्यायची, हे या दोघांना शोभलं नसतं. शिवाय बाजाराची घाई असलेल्या निर्मात्याने इतका मोकळा, संथ अल्बम जसाच्या तसा बाहेर जाऊ दिला असता, असं वाटत नाही.

हा मोकळेपणा तंगीतूनही आला. १९७३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. मुख्य खोली एवढी लहान होती की दोघांनी एकत्र वाजवायचं म्हटलं की एकाला बाहेर बोळात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी उभं राहावं लागे. ‘द बॉटल’मधली जॅक्सनची बासरी तिथूनच आलेली आहे. काही गाण्यांत बास आणि ड्रम आहेत, बाकी ठिकाणी नुसता आवाज आणि इलेक्ट्रिक पियानो. या अल्बमला सोल (कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण लोकप्रिय संगीत) म्हणावं की जॅझ, हा घोळ त्यामुळेच आजवर सुटलेला नाही. पुढे लोकांनी त्याच्यावर रॅपचा पूर्वज अशीही चिठ्ठी चिकटवली, आणि त्या गडबडीत जॅक्सनचा पियानो ऐकायचा राहून गेला.

‘द बॉटल’ सुचलं ते वॉशिंग्टनलगतच्या त्यांच्या घराजवळ. तिथल्या दारूच्या दुकानापुढे सकाळी सकाळी माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन रांग लावत, कारण बाटली परत दिली की पुढची स्वस्त पडे. स्कॉट-हेरॉन त्यांच्याशी बोलायला लागला. एक जण गर्भपात केल्याबद्दल पकडला गेलेला डॉक्टर निघाला. दुसरा लष्करी विमानांना मार्ग दाखवणारा नियंत्रक होता. त्याने दिलेल्या मार्गावरची दोन जेट विमानं डोंगरावर आदळली, तो त्या दिवशी कामावरून निघाला तो परत गेलाच नाही. अशी माणसं गाण्यात आली, तीही नाचायला लावणाऱ्या ठेक्यावर. एकल तबकडी (सिंगल) म्हणून हे गाणं अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या, लोकप्रियता यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

अल्बममधल्या ‘एच-टू-ओ-गेट ब्लूज’चं लक्ष्य उघड आहे: एच-टू-ओ म्हणजे पाणी, वॉटर. साध्या ब्लूजच्या चौकटीवर स्कॉट-हेरॉन बोलत राहतो आणि वॉटरगेट या अध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या राजकीय घोटाळ्यातल्या माणसांचा एकेक करून समाचार घेतो. अल्बम आल्यानंतर तीन महिन्यांत, ऑगस्ट १९७४ मध्ये, निक्सन यांनी राजीनामा दिला. मात्र अल्बमचं राजकारण या एका गाण्यात शोधणाऱ्यांनी ‘युवर डॅडी लव्हज यू’ही ऐकावं. बाप झोपलेल्या लेकीशी बोलतो आहे, आणि जे गमावण्याची भीती इतर गाण्यांत आहे ते नेमकं काय, हे तिथे कळतं.

‘द बॉटल’च्या यशानंतर नव्याने निघालेल्या एका मोठ्या कंपनीने दोघांशी करार केला. १९७५ मध्ये तिथला पहिला अल्बम आला, ‘विंटर इन अमेरिका’ नावाचं गाणं त्यात आहे. त्याच नावाच्या आधीच्या अल्बमात ते नव्हतं! १९८० नंतर जोडी फुटली. मूळ अल्बम कित्येक वर्षं दुकानांत मिळत नव्हता, जुन्या प्रती शोधाव्या लागत. १९९८ मध्ये तो सीडीवर पुन्हा निघाला, आणि जोड म्हणून दिलेल्या ध्वनिमुद्रणांत हे शीर्षकगीतही आलं.