मुगानंतर दादर, त्याच वावरात: कंपायलरचा जागेचा हिशेब

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडची कॉम्प्युटर शाखेची मुलं डेटा स्ट्रक्चरच्या विषयात 'युनियन-फाइंड' शिकतात, म्हणजे कोण कोणाच्या गटात आहे ते शोधायची आणि दोन गट जोडायची पद्धत. कमीत कमी खर्चात सगळी ठिकाणं जोडणारं जाळं काढायची क्रुस्कलची पद्धत आली की युनियन-फाइंड येतंच. पण ही युक्ती जन्मली ती जाळ्यांसाठी नाही. फॉरट्रान ही जुनी प्रोग्रामिंग भाषा, आणि तिच्यातला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलून देतो तो कंपायलर; त्या कंपायलरपुढच्या एका रोकड्या अडचणीतून ती निघाली. प्रोग्राम लिहिणारा म्हणतो, 'या दोन व्हेरिएबलना मेमरीत एकच जागा द्या.' मग कोण नेमकं कुठे बसलं, हे कंपायलरने शोधायचं कसं?

मुळात एकाच जागेत दोघांना बसवायची वेळ का यावी? फॉरट्रानचा पहिला कंपायलर १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी लोकांच्या हाती आला. या यंत्राची मेमरी ४,०९६ शब्दांपासून सुरू व्हायची आणि ३२,७६८ शब्दांपर्यंत वाढवता यायची. एक शब्द ३६ बिटांचा. म्हणजे लहान यंत्रात आजच्या मापाने साधारण १८ किलोबाइट जागा, आणि त्यातच प्रोग्रामही बसायचा.

आता असं धरा की खान्देशचा पावसाचा हिशेब त्या यंत्रावर करायचा आहे. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, असे २५ तालुके. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. तक्त्यात ३,०५० आकडे झाले. पुढे ऑक्टोबर ते जानेवारी या १२३ दिवसांच्या किमान तापमानाचा तक्ता, म्हणजे आणखी ३,०७५ आकडे. दोन्ही मिळून ६,१२५. लहान यंत्रात हे मावणं शक्यच नाही. पण पावसाच्या तक्त्याचं काम संपल्यावरच तापमानाचा तक्ता भरायचा असेल तर दोन्ही एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मूग-उडीद निघाला की त्याच वावरात दादर ज्वारी पेरतात. वावर तेच, पिकं दोन, फक्त दोघांचे दिवस एकमेकांवर चढत नाहीत.

फॉरट्रानमध्ये ही सोय 'इक्विव्हॅलन्स' या विधानाने मिळाली. अमुक तक्ता आणि तमुक तक्ता एकाच जागेपासून सुरू करा, एवढंच त्यात लिहायचं. हे विधान पहिल्याच फॉरट्रानमध्ये होतं. म्हणजे जागेची तंगी त्या भाषेच्या घडणीतच होती.

लिहिणाऱ्याला एक ओळ पुरते, कंपायलरला मात्र गणित करावं लागतं. समजा अ, ब, क असे तीन ॲरे आहेत, म्हणजे एकापाठोपाठ ठेवलेल्या आकड्यांच्या रांगा. पहिलं विधान म्हणतं, अ चा तिसरा घटक आणि ब चा पहिला घटक एकाच जागी. दुसरं म्हणतं, ब चा पाचवा आणि क चा दुसरा एकाच जागी. अ आणि क यांच्यात थेट काहीच ठरलेलं नाही, तरी दोघं ब मुळे बांधले गेले. अ ची सुरुवात १००० या पत्त्यावर धरली तर त्याचा तिसरा घटक १००२ वर येतो, म्हणून ब ची सुरुवात १००२. ब चा पाचवा १००६ वर, तोच क चा दुसरा, म्हणून क ची सुरुवात १००५. आता कोणी तिसरं विधान लिहिलं की क चा पहिला आणि अ चा सातवा एकाच जागी, तर? क चा पहिला १००५ वर आहे आणि अ चा सातवा १००६ वर. एक माणूस दोन ठिकाणी बसू शकत नाही. कंपायलरने इथे चूक दाखवून थांबलंच पाहिजे. तीन नावांचं हे हातानेही करता येईल, पण शेकडो नावं आणि विधानं हव्या त्या क्रमाने आली तर पद्धत हवी.

मिशिगन विद्यापीठातल्या आर्डन, गॅलर आणि ग्रॅहम यांनी १९६१ साली या विधानांसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. १९६४ साली बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी ती सुधारून मांडली, आणि आजचं युनियन-फाइंड ते हेच. सुरुवातीला प्रत्येक व्हेरिएबल स्वतःच्या गटाचं मूळ असतं. दोघांना जोडणारं विधान आलं की दोघांपासून बाण धरत वर चढायचं आणि आपापलं मूळ गाठायचं. मुळं वेगळी निघाली तर एक मूळ बाणाने दुसऱ्याखाली लावायचं आणि त्या बाणावर दोघांमधलं अंतर लिहून ठेवायचं. मूळ एकच निघालं तर नवं काही जोडायचं नाही. वाटेतल्या अंतरांची बेरीज नव्या विधानाशी जुळते का, तेवढं पाहायचं. वरचं तिसरं विधान तिथेच पकडलं जातं. शेवटी प्रत्येक गटाला सलग जागेचा एक पट्टा द्यायचा आणि मुळापासूनच्या अंतराने बाकीच्यांचे पत्ते काढायचे.

मला या पद्धतीचं अप्रूप वाटतं ते तिच्या चपळाईमुळे. वर चढताना वाटेतले बाण थेट मुळाकडे वळवत गेलं आणि लहान झाड (बाणांनी जोडलेला गट) मोठ्याखाली लावलं, तर दर प्रश्नामागचा सरासरी खर्च जवळजवळ स्थिर राहतो. तो वाढतो एका अशा गुणकाने, जो व्यवहारातल्या कुठल्याही संख्येसाठी ४ च्या पुढे जात नाही. हे गणित संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांनी १९७५ साली मांडलं. परीक्षेत या पद्धतीवर प्रश्न असतो तेव्हा तिच्या पोटातलं अंतर गाळून टाकलेलं असतं, कारण जाळ्यांना त्याची गरज नसते. मेमरीच्या मूळ प्रश्नात तर सगळा जीव त्या अंतरातच आहे.

सी भाषेत एकाच जागेत अनेकांना बसवण्याचं नाव 'युनियन'. इथे अंतराची भानगड नाही, सगळे सदस्य शून्यापासूनच सुरू होतात. आकार सगळ्यात मोठ्या सदस्याएवढा, पण तोंडी परीक्षेत मुलं अडकतात ती पुढच्या पायरीवर. एक डबल (८ बाइटांची दशांश संख्या) आणि १० अक्षरांचा ॲरे यांचं युनियन केलं तर नेहमीच्या ६४ बिटी यंत्रावर उत्तर १० येत नाही, १६ येतं. डबलचा पत्ता ८ च्या पटीत हवा, म्हणून आकारही ८ च्या पटीत वाढवला जातो. युनियनमध्ये १.० हा फ्लोट (दशांश संख्येचा लहान प्रकार) ठेवून तेच बिट पूर्णांक म्हणून वाचले तर १०६५३५३२१६ मिळतो. जागा तीच, बिट तेच, वाचण्याचा नियम तेवढा बदलला.

आणि इथून कंपायलरची खरी डोकेदुखी सुरू होते. वेगवान कोड करायचा तर मेमरीतली किंमत एकदा रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या झटपट जागेत) आणायची आणि तिथेच वापरत राहायची. पण दुसऱ्या नावाने कोणी त्याच जागेत लिहिलं तर रजिस्टरमधली किंमत शिळी होते. इक्विव्हॅलन्समध्ये कोण कोणाबरोबर बसलं ते कंपायलरला माहीत असतं, म्हणून तो त्या गटापुरता जपून चालतो. पॉइंटरच्या, म्हणजे दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा त्याला काहीच कळत नाही. सीचं प्रमाण, म्हणजे भाषेची अधिकृत नियमावली, यावर एक नियम घालतं: पूर्णांकाचा पॉइंटर आणि फ्लोटचा पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत असं धरून चालायची कंपायलरला मुभा आहे. हा नियम मोडणारा प्रोग्राम ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची सोय) बंद असताना नीट चालतो आणि चालू केल्यावर भलतंच उत्तर देऊ शकतो. लिनक्सचा कर्नल हा नियम बंद ठेवूनच कंपाइल केला जातो. बिट दुसऱ्या प्रकारात हवे असतील तर 'मेमकॉपी' (memcpy) या फंक्शनने नक्कल करून घेणं हा धड मार्ग आहे. जीसीसीसारखे कंपायलर ती नक्कल सहसा पूर्ण काढूनही टाकतात, म्हणून वेळ जाईल ही भीती नको.

फॉरट्रानने उलट अट घातली: सबरूटीनला (प्रोग्रामच्या वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याला) दिलेल्या दोन तक्त्यांची जागा एक असेल तर त्यात लिहायचं नाही, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची. आकडेमोडीत फॉरट्रान इतकी वर्षं वेगवान राहिली, त्यामागे ही अट मोठी आहे. सीने तसं वचन देण्यासाठी 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द घेतला तो १९९९ च्या प्रमाणात.

जागा वाचवण्यासाठी मात्र आता माणसाने असं काही लिहायची गरज उरलेली नाही. प्रत्येक व्हेरिएबलची किंमत कुठून कुठपर्यंत लागते ते कंपायलर स्वतः काढतो. ज्यांचे दिवस एकमेकांवर चढतात अशा दोघांत रेघ ओढतो आणि रेघेने जोडलेल्यांना एक रंग येणार नाही असं रंगवतो. एक रंग म्हणजे एक जागा. मेमरीचा प्रश्न असा रंगांचा करून सोव्हिएत संघात येर्शोव यांनी १९६० च्या आसपास मांडला, आणि आयबीएममध्ये चैटिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तो रजिस्टरना लावून दाखवला. फॉरट्रानच्या २०१८ च्या प्रमाणाने इक्विव्हॅलन्सला कालबाह्य ठरवलं. तरी जुने प्रोग्राम आजही चालतात, म्हणून जीफॉरट्रानसारखे कंपायलर ते पत्त्यांचं गणित अजून करतात.

हे स्वतः पाहायचं असेल तर सीच्या एका फंक्शनमध्ये महिरपी कंसांच्या दोन वेगळ्या जोड्या लिहा, प्रत्येकीत १०० पूर्णांकांचा एक ॲरे ठेवा आणि दोघांचे पत्ते छापा. जीसीसीत ऑप्टिमायझेशन चालू केलं की पत्ते बहुतेक वेळा सारखे येतील. मग पहिल्या ॲरेचा पॉइंटर कंसाबाहेर जपून ठेवा आणि दुसरा भरल्यावर त्यातून वाचा. दुसऱ्याचे आकडे दिसले तर कंपायलरची चूक समजू नका. पहिला कंस मिटला तेव्हाच पहिल्या ॲरेचं आयुष्य संपलं होतं, आणि ती जागा देऊन टाकायची मुभा कंपायलरला भाषेनेच दिलेली आहे.