वृषणाचं माहेर पोटात

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्याने केली, त्याचं नेमकं काय दुखत होतं कोण जाणे. पण वृषण, म्हणजे बोलीतल्या गोट्या, महिनोन्महिने दुखत असूनही पुरुष गप्प बसतात, हे मात्र खरं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. गंमत अशी, की दुखतं तिथेच बिघाड असतो असं नाही.

आईच्या पोटात असताना वृषण तयार होतात ते मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ते सरकत खाली येतात आणि साधारण जन्माच्या सुमारास पिशवीत पोचतात. येताना रक्तवाहिन्या आणि नसा वरूनच सोबत आणतात. म्हणून मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला की कळ थेट वृषणात उतरते. वृषण धडधाकट असतो, माहेरी काही बिघडलं की इकडे दुखतं.

या लांब प्रवासाचा आणखी एक परिणाम म्हणजे व्हेरिकोसील. पायांवर जशा शिरा फुगतात, तशाच इथेही फुगतात. शंभरातल्या सुमारे 15 पुरुषांना हे असतं आणि बहुतेकदा डाव्या बाजूला. कारण उजव्या वृषणाची शीर सरळ पोटातल्या महाशिरेला मिळते, तर डावी आणखी वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. चढ जास्त, त्यामुळे शिरेतल्या, रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा कमकुवत असल्या की रक्त खाली तुंबतं. बऱ्याच जणांना काही जाणवतही नाही. ज्यांना जाणवतं ते सांगतात, दिवसभर उभं राहिलं की जड, ओढल्यासारखं वाटतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. हात लावला तर पिशवीत गांडुळं भरल्यासारखं लागतं. आडवं झाल्यावरही ही सूज ओसरत नसेल, किंवा ती फक्त उजवीकडेच असेल, तर पोटाचीही तपासणी करतात. वर एखादी गाठ शिरेवर दाब देत असू शकते.

वृषणाच्या मागे अधिवृषण नावाची नळी असते. उलगडली तर सुमारे 6 मीटर भरेल, पण वेटोळी होऊन काही सेंटीमीटरमध्ये मावते. तिथे जंतुसंसर्ग झाला तर तरुणांत बहुधा परमा किंवा क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा रोग निघतो, म्हणून जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. उतारवयात लघवीतले जंतू कारण ठरतात. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, की दुखणं मुरतं. नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारी कडक सूज क्षयाचीही असू शकते. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. त्याच्या कृमींमुळे पिशवीत पाणी भरतं. यालाच लोक अंडवाढ म्हणतात.

नसबंदीनंतर शंभरातल्या एक-दोघांना दीर्घकाळ दुखतं. आणि कित्येकांच्या सोनोग्राफीत काहीच निघत नाही. अशा वेळी डॉक्टर जांघेजवळच्या वृषणरज्जूत, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या-नसांच्या दोरीत, भुलीचं इंजेक्शन देतात. तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं, तर मूळ खालीच आहे. नाही थांबलं, तर कंबर, मणके, हर्निया, मूत्रमार्ग असा शोध वर सरकतो.

कर्करोगाची भीती सगळ्यांनाच वाटते, पण तो बहुधा न दुखणाऱ्या कडक गाठीच्या रूपात येतो. तेव्हा गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणं उलटंच ठरेल.

जुनाट दुखण्यात तपासण्यांना सवड असते. वृषणाला पीळ बसला तर ती नसते. अचानक असह्य कळ, उलट्या, वृषण वर ओढला गेलेला; अशा वेळी 6 तासांच्या आत पीळ सोडवला तर तो बहुतेकदा वाचतो. हे जास्त करून वयात येणाऱ्या मुलांत होतं आणि कित्येक मुलं ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात. लाज असतेच, पण मुलगा खोटंही बोलत नसतो. नसा वरून आलेल्या, तेव्हा त्याला खरोखरच पोटात दुखत असतं. डॉक्टरांनी अशा मुलाची चड्डी उतरवून पाहिलं नाही, तर आईबापांनी तसं सांगावं.