शॉर्टकटला लोंबणारी दशी

सोलापूरच्या नवी पेठेत माझ्या मावसभावाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. परवा त्याचा फोन आला. "गुगलवर काहीपण शोधायलो की भलतंच पान उघडायलंय. ये की जरा."

गेलो. दादाने ‘जॅकार्ड डिझाइन’ टाइप करून एंटर मारलं. पत्त्याच्या पट्टीत क्षणभर एक अनोळखी नाव चमकलं आणि जाहिरातींनी खच्चून भरलेलं पान आलं. सगळा धंदा त्या चमकून गेलेल्या नावात आहे. तुमचा शोध मधल्या दलालाच्या दारावरून वळवायचा आणि जाहिरातीवरच्या क्लिकमागे अडत खायची. अडत म्हणजे काय, हे कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या गावात सांगायला नको. एका क्लिकचे पैसे चिल्लर. पण कॉम्प्युटर किती! २०१७ मध्ये ‘चेक पॉईंट’ या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघडकीला आणला, तेव्हा तो २५ कोटींहून जास्त कॉम्प्युटरांत शिरल्याचा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टला हा आकडा फुगवलेला वाटला, ते सोडा.

दादाकडे हा पाहुणा बिलांची पीडीएफ करून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरसोबत आला. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना आधीच टिक केलेली बारीक चौकट कोण वाचतो?

आधी कंट्रोल पॅनेलमधून ते सॉफ्टवेअर काढलं. मूळ तसंच ठेवून फांद्या छाटल्या तर पुन्हा फुटतात. पण होमपेज बदललं, ब्राउझर बंद करून उघडला, तर तेच पान हजर! दादाने हे आधी दोनदा करून पाहिलेलं. मग मी डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. ‘टार्गेट’च्या रकान्यात प्रोग्रॅमचा पत्ता संपतो तिथे, अवतरणचिन्हानंतर, एक वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला. टॉवेलच्या काठाला दशी लोंबावी तसा. सेटिंग्ज कितीही नीट करा, क्रोमला उघडतानाच ‘इकडे जा’ असं सांगितलेलं होतं. दशी छाटली. खालच्या टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, त्यालाही होती.

एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, मात्र हलेना. काढायचं बटणच फिकट. मेनूच्या तळाशी ओळ होती, ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’. दुकानात दादा आणि एक पोरगा, कसलं ऑर्गनायझेशन? ही सोय मोठ्या कंपन्यांसाठी आहे: हजार कॉम्प्युटरांचे नियम एका जागेवरून ठरवता यावेत म्हणून. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग्जच्या वहीत, ‘पॉलिसीज’ या कप्प्यात ते लिहिले जातात. चोराने तिथे स्वतःचा हुकूम लिहिला आणि ब्राउझरला तो मालकाचाच वाटला. रजिस्ट्रीची प्रत ठेवून त्या नोंदी पुसल्या, तेव्हा बटण जागं झालं. (ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे करू नका, तिथे मालक खरा असतो.)

शेवटी ब्राउझर रीसेट केला. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. तरी बँकेचा पासवर्ड फोनवरून बदलायला लावला, कारण त्या एक्स्टेन्शनकडे सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचायची परवानगी होती.

निघताना सांगितलं, विंडोज १० पासून प्रिंटरच्या यादीतच ‘प्रिंट टू पीडीएफ’ असतं. वेगळं काही घ्यावं लागत नाही.

"मग हे आधी का नाही सांगितलास बे?"